कीलच्या तळाशी उघडलेले झाकण

श्रोतेहो, नमस्कार. आजचे भाषण महायुद्धांपूर्वीच्या पाणबुड्यांविषयी आहे. बुडी मारून पाण्याच्या तळाशी गेलेल्या वस्तू वर काढणाऱ्या माणसाला आपण पाणबुड्या म्हणतो आणि पाणबुडी हे यंत्राचे नाव त्याच घराण्यातले आहे. इतका नेमका शब्द हाताशी असताना आपण ऊठसूट ‘सबमरीन’ का म्हणावे, हे मला कळत नाही. जर्मनीत बांधल्या गेलेल्या पहिल्या पाणबुडीचे नावही असेच होते: ‘ब्रांडटाउखर’, म्हणजे आग लावणारा पाणबुड्या. मला आज मुख्यतः तिचीच गोष्ट सांगायची आहे.

जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या सीमेवरील श्लेसविग-होल्स्टाइन या भागासाठी झालेल्या युद्धात डेन्मार्कच्या आरमाराने तिथल्या कील या बंदराची नाकेबंदी केली होती. बव्हेरिया या दक्षिण जर्मन राज्याच्या तोफखान्यातील विल्हेल्म बाउअर या कनिष्ठ सैनिकाने असे सुचवले की, पाण्याखालून शत्रूच्या जहाजापर्यंत जावे आणि त्याच्या बुडाला सुरुंग लावावा. 1850 साली कीलमधील श्वेफेल आणि होवाल्ट यांच्या कारखान्यात सुमारे 8 मीटर लांबीची लोखंडी नौका तयार झाली. तिच्यात इंजिन नव्हते. दोघांनी अंगबळाने मोठी चाके फिरवायची आणि तिसऱ्याने सुकाणू धरायचे, अशी योजना होती. मात्र पैसा अपुरा पडला. ठरल्यापेक्षा पातळ पत्रा वापरला गेला आणि बुडी घेण्यासाठी लागणाऱ्या पाण्याच्या बंद टाक्याही गाळल्या गेल्या. ते पाणी नौकेच्या तळाशी मोकळेच सोडायचे ठरले. काटकसरीची कुऱ्हाड नेहमी न दिसणाऱ्या भागावर प्रथम पडते, आणि माझ्या मते यंत्रांच्या बाबतीत याहून घातक सवय नाही.

1 फेब्रुवारी 1851 रोजी बाउअर, विट आणि थॉमसन हे तिघे कील बंदरात चाचणीसाठी उतरले. आत घेतलेले मोकळे पाणी मागच्या बाजूला धावले, नौका शेपटीकडे कलली, पातळ पत्रा बाहेरच्या दाबाने चेपू लागला आणि ती थेट तळाच्या चिखलात जाऊन बसली. झाकण उघडेना. पाण्यात दर 10 मीटर खाली गेले की प्रत्येक चौरस मीटरवर आणखी 10 टनांचा भार येतो. तो भार माणसाच्या हाताने उचलणे शक्य नव्हते. आतल्या बाजूने बसणाऱ्या झाकणाचा कुकर ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वाफ त्या झाकणाला आतून दाबून धरते आणि ती जिरेपर्यंत झाकण निघत नाही. येथे तोच प्रकार उलट्या बाजूने घडला होता: पाणी झाकणाला बाहेरून दाबून धरत होते.

बाउअरने साथीदारांना सांगितले की, आता पाणी आत येऊ द्यायचे. बुडणाऱ्या नौकेत आणखी पाणी घ्या, हे शब्द त्या दोघांना वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही. त्यांनी विरोध केला. पण बाउअरचे गणित बरोबर होते. रिकामा लोटा पालथा धरून बादलीत दाबला, तर आतली हवा कोंडून आक्रसते. तसेच आत शिरणारे पाणी नौकेतल्या हवेला दाबत जाणार होते. पाणी वाढले की हवा दाबली जाते, हवा दाबली गेली की आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळतो, आणि दोन्ही दाब जुळले की झाकण सुटते. हे पुन्हा सांगतो, कारण सगळी गोष्ट यावर उभी आहे: दाब जुळले की झाकण सुटते. फेब्रुवारीतल्या त्या गार पाण्यात, अंधारात, हवा जड होत असताना त्यांनी कित्येक तास वाट पाहिली. अखेर झाकण उघडले, कोंडलेली हवा उसळून बाहेर पडली आणि तिच्याबरोबर तिघेही पृष्ठभागावर आले. तिघेही जिवंत होते.

हे भाग्य सर्वांच्या वाट्याला आले नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 17 फेब्रुवारी 1864 रोजी, हाताने फिरवायच्या ‘हनली’ या पाणबुडीने चार्ल्स्टन बंदराजवळ ‘हाउसॅटॉनिक’ हे जहाज बुडवले. पाणबुडीने युद्धात जहाज बुडवल्याची ही पहिली घटना होती, परंतु ‘हनली’चे आठही जण परतले नाहीत. अंगबळावर दूर जाता येत नव्हते, हे तर उघडच होते. पुढे अमेरिकेतील संशोधक जॉन हॉलंड यांनी पृष्ठभागावर पेट्रोल इंजिन आणि पाण्याखाली बॅटरीवर चालणारी मोटर अशी जोडी बसवली, आणि 11 एप्रिल 1900 रोजी अमेरिकेच्या नौदलाने त्यांची नौका विकत घेतली. पेट्रोलच्या वाफा बंद जागेत धोकादायक ठरत असल्याने पुढे डिझेल आले. जर्मन नौदलाची ‘यू-1’ 1906 साली कीलमध्येच तयार झाली.

‘ब्रांडटाउखर’ 1887 साली कीलच्या तळातून वर काढण्यात आली आणि आज ती ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात आहे. फसलेली यंत्रे अशीच जपून ठेवली पाहिजेत. होवाल्ट यांच्या कारखान्याच्या वारशातून पुढे कीलची मोठी गोदी उभी राहिली, आणि त्याच गोदीत बांधलेली ‘शिशुमार’ 1986 साली भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या वर्गातील ‘शाल्की’ मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि 7 फेब्रुवारी 1992 रोजी नौदलात आली. या वर्गाच्या पाणबुड्यांमध्ये सुटकेसाठी एक पोलादी गोल बसवलेला आहे. अपघात झाल्यास सर्व कर्मचाऱ्यांनी त्यात शिरायचे, झाकण लावायचे आणि तो गोल नौकेपासून सुटून वर यायचा, अशी त्याची रचना आहे.