डॉट कॉमचा सातबारा: १९९९ साली ७५ लाख डॉलरला नेमकं काय विकलं गेलं?

नमस्कार मंडळी!

७५ लाख डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण ३२ कोटी रुपये. १९९९ सालच्या अखेरीला लॉस एंजेलिसच्या ईकंपनीज नावाच्या कंपनीने एवढे पैसे मोजले आणि घेतलं काय? इमारत नाही, यंत्रं नाहीत, बांधलेलं गिऱ्हाईक नाही. एक शब्द घेतला. बिझनेस डॉट कॉम.

घेणारे कच्चे नव्हते. जेक वाइनबॉम डिस्नेचा इंटरनेटचा कारभार सांभाळून आलेला, आणि स्काय डेटनने अर्थलिंक ही इंटरनेटची जोडणी देणारी कंपनी उभी केलेली. विकणारा ह्यूस्टनचा मार्क ऑस्ट्रॉफ्स्की. त्याने हेच नाव तीन-चार वर्षांपूर्वी दीड लाख डॉलरला घेतलं होतं. म्हणजे पन्नासपट. पुण्याजवळ हिंजवडीत ज्यांच्या जमिनी होत्या, त्यांनाच हा आकडा पचेल.

जमिनीचं नाव मुद्दाम काढलं. कारण डोमेन म्हणजे काय, हे सातबाऱ्याइतकं दुसऱ्या कशानेच नीट कळत नाही. डोमेन ही वस्तू नाही. एका मोठ्या नोंदवहीत लिहिलेलं असतं की हे नाव अमक्याचं, आणि ते टाइप केलं की तमक्या सर्व्हरकडे जायचं. बस, एवढी एक ओळ. नव्वदच्या दशकात डॉट कॉमची ही वही व्हर्जिनियातल्या नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडे होती. अख्ख्या जगाला एकच तलाठी!

आणि सप्टेंबर १९९५ पर्यंत ही नोंद चक्क फुकट होत होती. खर्च अमेरिकी सरकारची नॅशनल सायन्स फाउंडेशन उचलायची. अर्ज करा, नाव मोकळं असेल तर तुमचं. पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५ ला सिम्बॉलिक्स या कॉम्प्युटर कंपनीने घेतलं, आणि नंतर कित्येक वर्षं या वहीकडे फारसं कुणी फिरकलंही नाही. १९९५ नंतर फी लागली ती दोन वर्षांचे १०० डॉलर. ज्या शब्दाला पुढे ७५ लाख मिळाले, त्याची सरकारी फी एवढीच होती.

मग किंमत चढली कशाने?

आज आपण नाव अर्धवट लिहितो, गूगल बाकीचं बघतं. तेव्हा शोधयंत्रं कच्ची होती. पुस्तक हवं तर लोक थेट 'बुक्स डॉट कॉम' टाइप करून बघायचे. नेटस्केप ब्राउझरमध्ये नुसता एक शब्द लिहिला तर तो स्वतःच पुढेमागे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि डॉट कॉम चिकटवून बघायचा. म्हणजे शब्द तुमचा असेल तर तो लिहिणारा माणूस जाहिरातीशिवाय तुमच्या दारात.

आणि शब्द दुसऱ्याचा असेल तर? अल्टाव्हिस्टाला विचारा. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने हे शोधयंत्र सुरू केलं आणि ते बघता बघता तुफान चाललं. पण पत्ता होता अल्टाव्हिस्टा डॉट डिजिटल डॉट कॉम. साधं अल्टाव्हिस्टा डॉट कॉम आधीपासून कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडे होतं. एवढा लांब पत्ता कोण लक्षात ठेवणार? चुकलेले लोक रोज त्या छोट्या कंपनीच्या दारात उतरत होते. करार झाले, कोर्टकचेरी झाली. शेवटी १९९८ मध्ये डिजिटल विकत घेतलेल्या कॉम्पॅकने ३३ लाख ५० हजार डॉलर देऊन ते नाव सोडवलं. गहाण दागिना सोडवावा तसं!

आता बिझनेस डॉट कॉमचा हिशेब तेव्हाच्या माणसासारखा करून बघा. जानेवारी २००० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्यात, ३० सेकंदांच्या जाहिरातीला २० लाख डॉलरच्या वर पडत होते, आणि डझनाहून जास्त डॉट कॉम कंपन्या ते देत होत्या. ७५ लाखांत जाहिराती आल्या असत्या तीन-साडेतीन. दीड-पावणेदोन मिनिटांचा खेळ. त्यापेक्षा शब्द घेतला तर तो कायमचा. मला तरी हा हिशेब त्या काळातल्या बऱ्याच हिशेबांपेक्षा शहाणा वाटतो.

इथे कुणीतरी म्हणेल, कोर्टात का नाही गेले? जाता येतं, पण नाव 'तुमचं' असेल तरच. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. रेडिफ चालू होतं, आणि कुणीतरी एक अक्षर बदलून रॅडिफ डॉट कॉम नोंदवलं. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं आणि म्हटलं की डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या बाजूने याहूइंडिया डॉट कॉमवाल्यांना रोखलं. अमेरिकेनेही त्याच नोव्हेंबरात कायदा केला: दुसऱ्याचा ट्रेडमार्क वाईट हेतूने अडवून बसलात तर एका नावामागे एक लाख डॉलरपर्यंत भरपाई.

पण 'बिझनेस' हा कुणाचा ट्रेडमार्क? कुणाचाच नाही. म्हणून त्यावर बसलेल्या माणसाला कुणी उठवूही शकत नाही. डॉट कॉमच्या त्या तेजीत शब्दकोशातल्या साध्या शब्दांना सोन्याचा भाव आला तो यामुळे. मुंबईत राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डने मात्र खोज, खेल, खाना, समाचार अशी आपल्याकडची नावं डॉट कॉममध्ये घेतली होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ती कंपनी ४९९ कोटी रुपयांना घ्यायचा सौदा केला. (हो, किंमत अख्ख्या कंपनीची, नुसत्या नावांची नाही. पण नावं बघून मन भरतं!)

बरं, भाव ठरला, पैसे दिले. कब्जा कसा मिळायचा? फेरफार करून. नोंदवहीत जुनं नाव खोडून नवं लावायचं. आणि इथे खरी भीती होती, कारण तलाठी ढिला होता. ऑक्टोबर १९९८ मध्ये कुणीतरी खोट्या नावाने एक ईमेल पाठवला आणि अमेरिका ऑनलाइनची, म्हणजे एओएल डॉट कॉमची नोंदच बदलली. एवढ्या बलाढ्य कंपनीची टपाल काही तास भलत्याच दारात पडत होती.

पण या सगळ्यावर ताण आहे सेक्स डॉट कॉमची गोष्ट. हसू नका, कायद्याच्या वर्गात शिकवतात ही केस.

१९९४ मध्ये गॅरी क्रेमेनने हे नाव ऑनलाइन क्लासिफाइड्स या आपल्या कंपनीच्या नावे नोंदवलं. फुकट. जोडीदार शोधून देणाऱ्या मॅच डॉट कॉमवाला, हाच तो क्रेमेन. १९९५ मध्ये स्टीफन कोहेन नावाचा माणूस, फसवणुकीसाठी तुरुंगवारी करून नुकताच सुटलेला, नेटवर्क सोल्युशन्सकडे एक पत्र देतो. पत्र म्हणे क्रेमेनच्याच कंपनीचं. मजकूर असा: क्रेमेनला आम्ही काढून टाकलंय, हे नाव आम्हाला नको, कोहेनने घेतलं तर हरकत नाही. आणि आमच्याकडे इंटरनेटची जोडणी नसल्यामुळे तुम्हाला कळवायचं काम कोहेनलाच सांगतोय.

पुन्हा ऐका. ऑनलाइन क्लासिफाइड्स नावाच्या कंपनीकडे इंटरनेट नाही! आणि नेटवर्क सोल्युशन्सने क्रेमेनला एक फोनसुद्धा न करता फेरफार करून टाकला.

क्रेमेन पाच वर्षं भांडला. २००० मध्ये कोर्टाने नाव परत दिलं, २००१ मध्ये कोहेनवर साडेसहा कोटी डॉलरचा हुकूमनामा केला. मग क्रेमेन नेटवर्क सोल्युशन्सच्या मागे लागला. त्यांचं म्हणणं मोठं मजेशीर होतं. तू आम्हाला दमडी दिली नव्हतीस, त्यामुळे आपल्यात करारच झाला नव्हता. आणि डोमेन काही हातात धरायची वस्तू नाही, मग चोरी कसली? करार नव्हता, हे कोर्टाने मानलं. पण २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने सांगितलं की डोमेन ही मालमत्ता आहे, आणि दुसऱ्याची मालमत्ता भलत्याच्या हवाली केलीत तर जबाबदार तुम्ही.

तारीख बघा, २००३. बिझनेस डॉट कॉमचा व्यवहार १९९९ चा. म्हणजे ७५ लाख मोजले गेले तेव्हा घेतलेली चीज मालमत्ता आहे की नुसती वहीतली ओळ, हे त्या कोर्टाने अजून सांगितलेलं नव्हतं.

बिझनेस डॉट कॉमचं पुढे? मार्च २००० नंतर बाजार कोसळला, पण ते तगलं. उद्योगधंद्यांची यादी आणि शोध असा धंदा त्यावर उभा राहिला आणि २००७ मध्ये आर. एच. डॉनेली या टेलिफोन डिरेक्टरी छापणाऱ्या अमेरिकी कंपनीने तो सुमारे ३४ कोटी डॉलरला घेतला. दोन वर्षांत डॉनेलीच दिवाळखोरीत.

आणि क्रेमेनचे साडेसहा कोटी? कोहेन मेक्सिकोत पळालेला, पैसा बाहेर गेलेला. क्रेमेनच्या हाताला लागलं ते सॅन दिएगोजवळचं कोहेनचं राहतं घर. तेही आतून ओरबाडलेलं.