गाडी चालू असताना बिघाड कसा धरायचा?

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. शंकरनगरातल्या क्लाससमोर उभी असलेली गाडी.)

किल्ली फिरली. मीटरवरचे दिवे लख्ख. आणि पुढे काहीच नाही. इंजिन सुरू करणारी मोटर, म्हणजे सेल्फ, फिरला नाही, साधा टक् असा आवाजही आला नाही.

ताई किल्ली काढतात, पुन्हा लावतात, पुन्हा फिरवतात. मुलगी मागच्या सीटवर दप्तराने वारा घेत बसलेली. पाचव्या वेळी गाडी सुरू होते, जणू काही झालंच नव्हतं.

ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून उपयोग नसतो, हे नागपूरच्या मदतीला धावणाऱ्या माणसांना पटवून देणं हे वेगळंच काम. चार जण बाह्या सरसावून मागे उभे राहतात. पण अशा गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद तर दाब नाही, आणि दाब नाही तर चाकाचं फिरणं इंजिनापर्यंत पोचतच नाही.

एका गॅरेजने बॅटरी बदलली. दुसऱ्याने सेल्फ. दोन्ही बिलं भरली आणि बिघाड होता तिथेच.

(दृश्य: मानेवाडा रोडवरचं छोटं गॅरेज. टिनाचं शेड, कूलर.)

इथले मिस्त्री वायरिंगचंच काम करतात. त्यांनी किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू. त्यांनी हात झटकले.
"ताई, आता तं चालू होऊन रायली. चालू गाडीत मी काय पकडू?"

तरी मल्टिमीटर निघालाच. बॅटरी 12.6 व्होल्ट. सेल्फ फिरताना 10.4, म्हणजे ठीक. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या धातूला लावून सेल्फ मारला: 0.1 व्होल्ट. अर्थिंग, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू इंजिनाला जोडणारी वायर, सैल किंवा गंजलेलं असतं तर हाच आकडा वर चढला असता. बॅटरी बदलण्याआधी ही तपासणी कुणी केली असती, तर ताईंचं एक बिल वाचलं असतं.

बिघाड नेहमी दुपारीच होतो, हे ऐकून कुणीही उन्हाकडे बोट दाखवेल. पंचेचाळीस अंशांत उभ्या गाडीच्या बॉनेटखाली सेल्फ भाजून निघतो, तांब्याच्या वेटोळ्यांचा रोध वाढतो, सेल्फला करंट जोडून देणारा सोलेनॉइड दमतो. हे खरंच घडतं. पण मिस्त्रींनी विचारलं, "सकाळी कधी बंद पडली काय?"
ताई म्हणाल्या, "सकाळी मी गाडी काढतच नाही. स्कूटीने जाते."

म्हणजे ऊन हा पुरावा नव्हताच. गाडी निघायचीच दुपारी!

मग त्यांनी पाच वॉटचा एक बल्ब घेतला. त्याची एक वायर, मध्ये फ्यूज टाकून, सोलेनॉइडला सिग्नल देणाऱ्या वायरला जोडली आणि दुसरी बॉडीला. बल्ब स्टिअरिंगखाली टेपने चिकटवला.

"किल्ली फिरवली का इकडे पाहा. बल्ब पेटला अन् सेल्फ नाही फिरला, तं दोष खाली, सेल्फकडे. बल्बच नाही पेटला, तं दोष वर, किल्लीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत. अन् गाडीच्या मीटरचा व्हिडिओ काढून ठेवा."

तिसऱ्या दिवशी, त्याच क्लाससमोर, बल्ब पेटला नाही. गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर होता, पण व्हिडिओत मीटरवरचं 'पी' अक्षर गायब होतं. फोनवर सांगितल्याप्रमाणे ताईंनी हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून दांडा 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर आणला, किल्ली फिरवली. बल्ब पेटला, सेल्फ फिरला, गाडी सुरू.

आता जागा सापडली. दांडा 'पी' किंवा 'एन'वर आहे की नाही हे सांगणारा स्विच या गाडीत गिअरबॉक्सच्या बाजूलाच बसवलेला. त्याची खात्री पटल्याशिवाय सेल्फला सिग्नल मिळत नाही.

(दृश्य: कनेक्टर अगदी जवळून.)

कनेक्टर उघडला. एका पिनेवर हिरवट भुकटी. तांब्याला पाणी लागलं की येते तशी. मिस्त्रींनी विचारलं, गाडी कधी पाण्यात होती का? ताई अंबाझरीच्या बाजूला राहतात. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे तलाव ओसंडला, तेव्हा गाडी अंगणात होती. चाकं बुडाली होती. हिरवी पिन त्याच पाण्याची असावी, असा मिस्त्रींचा अंदाज.

"स्विच काढून डायरेक्ट करून देतो म्हणणारे लय भेटतीन," मिस्त्री म्हणतात, "पण मंग गाडी 'डी'मध्येबी, चालत्या गिअरमध्ये, चालू होईन. समोर कोण उभं असन, सांगता येते काय?"

कनेक्टर साफ झाला, स्विच नवा बसला. बसवताना दांडा 'एन'वर ठेवून खुणा जुळवाव्या लागतात, त्यात पंधरा मिनिटं गेली. सगळ्या कामातली सर्वांत शांत पंधरा मिनिटं.

बल्ब मात्र त्यांनी काढला नाही. "राहू द्या पंधरा दिवस."

(दृश्य: पुन्हा क्लाससमोर. चार वाजलेले.)

ताई आधी वाकून स्टिअरिंगखाली बघतात. मग किल्ली फिरवतात. बल्ब क्षणभर पेटतो आणि इंजिन धरताच विझतो.