पॉप्लरच्या सुइणी आणि त्यांचा प्रेक्षक

(दृश्य : विटांच्या बुटक्या घरांची गल्ली, आडव्या दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, सायकलची घंटा)

15 जानेवारी 2012, रविवार. बीबीसी वनवर रात्री एक नवी मालिका लागली. तिच्यात खून नव्हता, पोलीस नव्हते, राजवाडेही नव्हते. होती ती पूर्व लंडनमधली गरीब वस्ती, सायकलवरून फिरणाऱ्या सुइणी आणि दर भागात दोन-तीन बाळंतपणं. 'कॉल द मिडवाइफ' हे तिचं नाव. पहिल्याच मोसमात तिचा प्रेक्षक एक कोटीच्या घरात गेला. तेव्हापासून ब्रिटनमध्ये तिच्यावरून जी वादावादी सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

काही जण म्हणतात, ही रविवारी रात्री पांघरुणात बसून बघायची गोष्ट आहे. चहा, केक, निळे गणवेश, लाल स्वेटर, जुनी गाणी आणि शेवटी एक गोंडस बाळ. काही जण यावर चिडतात. अहो, नीट बघा तरी, म्हणतात. याच मालिकेत आडगल्लीत गर्भपात करून घेणारी तरुण मुलगी जिवाला मुकते. नवऱ्याचा मार अंगावर घेऊन बाई कळा देते. यात गोड काय आहे? आणि काही जण वयानं मोठे आहेत. ते सांगतात, आम्ही त्या गल्ल्यांत वाढलो, आमची आई अशाच खोलीत बाळंत झाली. या थोरांचं म्हणणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यांचंही आपसात पटत नाही.

(दृश्य : गोदीतल्या याऱ्या, बॉम्बनं पडलेल्या इमारतींच्या मोकळ्या जागा, त्यात खेळणारी मुलं)

हे पॉप्लर म्हणजे थेम्सकाठची गोदी कामगारांची वस्ती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांचा रोख गोदीवर होता, त्यामुळे इथं घरांच्या रांगाच्या रांगा पडल्या. मालिका 1957 मध्ये सुरू होते तेव्हा युद्ध संपून बारा वर्षं झालेली असतात, तरी पडीक जागा तशाच असतात आणि एकेका खोलीत सहा-सात माणसं राहत असतात. 1948 च्या जुलैमध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. तिच्यामुळे या माणसांच्या दारात येणारी शिकलेली सुईण एक पैसाही मागत नाही.

त्या सुइणींमध्ये खरोखर काम केलेल्या जेनिफर वर्थ यांच्या आठवणींवर ही मालिका उभी आहे. अँग्लिकन पंथाच्या नर्स-जोगिणींबरोबर त्या पूर्व लंडनमध्ये राहिल्या. पुढं ते काम सुटलं. मग 1998 मध्ये टेरी कोट्स नावाच्या सुईणबाईंनी व्यवसायाच्या मासिकात एक लेख लिहिला. साहित्यात सुईण जवळजवळ दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. पशुवैद्यांना त्यांचा लेखक मिळाला, आम्हाला कधी मिळणार, असा त्यांचा सवाल होता. वर्थबाईंनी तो मनावर घेतला आणि 2002 मध्ये पुस्तक काढलं. मालिका पडद्यावर यायच्या काही महिने आधी, मे 2011 मध्ये, त्या वारल्या. टेरी कोट्स मात्र मालिकेच्या सल्लागार झाल्या. बाळ कसं धरायचं, हात कुठं ठेवायचा, हे नट्यांना त्यांनी शिकवलं. सराईत सुइणी ही मालिका बघताना आधी हातांकडे बघतात, आणि इथले हात त्यांना बहुतेक वेळा पटतात.

(दृश्य : खाटेवर अंथरलेला तपकिरी कागद, उकळतं पाणी, एनॅमलचं भांडं)

त्या हातांकडे आपणही जरा जवळून पाहू. खाटेवर तपकिरी कागद पसरलेला असतो, म्हणजे गादी खराब होत नाही. कर्ण्यासारखी एक आखूड नळी सुईण बाईच्या पोटावर टेकवते आणि दुसऱ्या टोकाला कान लावते. पिनार्ड म्हणतात तिला. वीज नाही, पडदा नाही, आकडा नाही. कान लावल्यावर तिचा हात नळीवरून सुटतो आणि काही क्षण ती नुसती ऐकत राहते. अख्खी खोली तिच्या चेहऱ्याकडे बघते. नवरा बाहेर जिन्यावर बसलेला असतो, कारण आत यायची त्याची पद्धतच नाही.

पहिल्याच भागात कोंचिता नावाची स्पॅनिश बाई येते. तिचं हे पंचविसावं बाळ. ती पडते, डोक्याला मार लागतो आणि बाळ दिवसांआधीच जन्मतं, इतकं इवलंसं की ते गेलंच असं सगळे धरून चालतात. बाळाला दवाखान्यात न्यायचं ठरतं, पण आई त्याला सोडत नाही. छातीशी, अंगाला अंग लावून ठेवते आणि थेंब थेंब दूध पाजते. बाळ जगतं. अनेक प्रेक्षकांना हे अतिरंजित वाटलं. पण कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवायची हीच पद्धत 1978 पासून कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी रीतसर वापरली. आज महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतल्या नवजात विभागातही 'कांगारू मदर केअर' म्हणून ती शिकवली जाते. पंचवीस पोरांच्या आईला ती कुणी शिकवली नव्हती.

आता तक्रारी. एक म्हणजे सगळं फार स्वच्छ दिसतं. गरिबीचा वास पडद्यातून येत नाही हे मान्य, पण इथं भिंतींवरची ओलसुद्धा रंगवल्यासारखी दिसते. दुसरी, प्रत्येक दुःख तासाभरात निस्तरतं. शेवटी निवेदन करणाऱ्या अभिनेत्री व्हॅनेसा रेडग्रेव्ह यांचा आवाज येतो, प्रेमाबद्दल दोन वाक्यं सांगतो आणि आपण सुखानं झोपतो. मला या तक्रारीत तथ्य वाटतं. काही भागांत तो आवाज नसता तर बरं झालं असतं. बाळ गमावलेल्या आईचा चेहरा समोर असताना आणखी काही सांगायची गरज नसते.

तिसरी तक्रार सगळ्यात जड आहे. या मालिकेतल्या जोगिणी इतक्या मायाळू आहेत की ज्यांना धर्मसंस्थांचा वेगळा अनुभव आला, त्यांच्या मनात कालवाकालव होते. ब्रिटनच्या संसदीय समितीनं 2022 मध्ये सांगितलं की 1949 ते 1976 या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये अविवाहित आयांची सुमारे 1,85,000 मुलं दत्तक दिली गेली. यातल्या कित्येक आयांना हो-नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती. मालिका हा विषय टाळत नाही. पहिल्याच मोसमात मेरी नावाच्या कोवळ्या आयरिश मुलीचं बाळ तिच्यापासून काढून घेतलं जातं आणि ती आक्रोश करते. तरी बाकीच्या भागांतली ऊब त्या आक्रोशावर पांघरूण घालते, असं ज्यांना वाटतं त्यांना मी चूक म्हणणार नाही. ज्या आजींचं बाळ असं गेलं, त्यांनी ही मालिका का बघावी?

(दृश्य : औषधाची बाटली, डॉक्टरांच्या टेबलावरची चिठ्ठ्यांची चळत)

पण मग थॅलिडोमाइडचे भाग येतात, आणि मालिकेला गोडमिट्ट म्हणणारेही तिथं गप्प होतात. हे औषध ब्रिटनमध्ये 1958 पासून 'डिस्टाव्हल' या नावानं मिळत होतं. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी डॉक्टर ते बिनधास्त लिहून देत. निरुपद्रवी म्हणून त्याची जाहिरात होती. 1961 च्या अखेरीस ते बाजारातून काढून घेतलं. तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळं हातपाय अर्धवट घेऊन जन्मली होती, आणि कितीतरी जन्मतःच गेली.

मालिकेनं 2016 च्या मोसमात हे दाखवलं. वेगळेपण असं की औषध लिहून देणारा डॉक्टर इथं खलनायक नाही. तो वस्तीचा लाडका डॉ. टर्नर आहे. चार वर्षं प्रेक्षकानं त्याच्यावर जीव लावला, आणि त्याच माणसाच्या अक्षरातल्या चिठ्ठीनं हे घडलं. एका भागात रुग्णालयात असं एक बाळ उघड्या खिडकीपाशी ठेवलेलं दिसतं. थंडीनं मरावं म्हणून ठेवलेलं. जोगिणींच्या प्रमुख सिस्टर ज्युलियनला ते सापडतं. इथं पार्श्वसंगीत नसतं तरी चाललं असतं, पण एवढं दृश्य रविवारच्या घरगुती वेळेत दाखवायला छाती लागते. आधीच्या मोसमांत घरच्यासारखा विश्वास बसला होता, म्हणून लोकांनी टीव्ही बंद केला नाही. मालिकेच्या गोडव्याचं माझ्या लेखी हेच काम आहे, आणि त्यासाठी मी तिला ओल्या भिंतींचा रंग माफ करते.

त्या मुलांच्या घरांना पुढं काय मिळालं, तेही सांगायला हवं. तेव्हाचे आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी सार्वजनिक चौकशीला नकार दिला. भरपाईची मोठी तडजोड 1973 मध्ये झाली, तीही वृत्तपत्रानं लावून धरल्यावर. ब्रिटिश सरकारनं जाहीर खेद व्यक्त केला तो जानेवारी 2010 मध्ये. तोवर ती बाळं पन्नाशीला टेकली होती.

याच पॉवेल यांचं नाव मालिकेत पुन्हा येतं. एप्रिल 1968 मध्ये त्यांनी स्थलांतरितांविरुद्ध जे भाषण केलं, त्याचे पडसाद 2023 च्या मोसमात पॉप्लरच्या रस्त्यावर उमटतात. सुरुवातीच्या मोसमांवर एक आक्षेप होता : ज्या एनएचएसला कॅरिबियन नर्सनी हात दिला, तिची गोष्ट सांगताना सुइणी सगळ्या गोऱ्याच कशा? जमैकाची ल्युसिल 2018 मध्ये आली. उशीर झाला, पण आली तेव्हा शोभेला ठेवली नाही. बायका तिला दारातून परत पाठवतात, ती पुन्हा त्याच दारात उभी राहते. आपल्याकडून गेलेले डॉक्टर मात्र अजूनही कडेलाच आहेत. साठच्या दशकात मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून कितीतरी मराठी डॉक्टर ब्रिटनला गेले. ज्या गावांत, ज्या विभागांत तिथले डॉक्टर जायला नाखूश असत, तिथं त्यांनी रात्रपाळ्या काढल्या. त्यांच्या घरांत ही मालिका बघितली जाते तेव्हा पडद्यावर आपला माणूस शोधला जाणारच.

गर्भपाताच्या भागांबद्दल मराठी प्रेक्षकाला एक दुवा माहीत असावा. ब्रिटनचा कायदा 1967 मध्ये झाला, अंमल एप्रिल 1968 पासून. त्याच सुमाराला महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालची समिती हाच प्रश्न तपासत होती. तिचा अहवाल 1966 चा, आणि आपला कायदा 1971 चा. आडगल्लीतल्या त्या मुलीचा मृत्यू फक्त लंडनचा नव्हता.

(दृश्य : रुग्णालयाचा लांबच लांब पॉलिश केलेला व्हरांडा, ओळीनं खाटा)

आता राहिला जुन्या प्रेक्षकांचा गाऱ्हाण्याचा सूर : पहिले मोसम ते पहिले मोसम. सुरुवातीच्या सुइणींपैकी जेनी गेली, चमी गेली, सायकलींच्या जागी मोटारी आल्या. या रुसव्यामागं खरा इतिहास आहे. पन्नाशीच्या दशकात तिथली साधारण एक तृतीयांश बाळंतपणं घरी होत. 1959 मध्ये क्रॅनब्रुक समितीनं सत्तर टक्के बाळंतपणं रुग्णालयात व्हावीत असं सुचवलं, आणि 1970 मध्ये पील समितीनं सगळीच. कथा सत्तरीच्या दशकात शिरते तेव्हा या सुइणींच्या हातचं कामच निघून चाललेलं असतं. म्हणून पुढच्या मोसमांतला उत्साह कमी वाटतो, यात लेखिका हायडी थॉमस यांचा सगळा दोष नाही. घरी बाळंत होण्यात धोका होता आणि रुग्णालयात एकटेपण होतं. दोन्हींत बायकांनी काहीतरी गमावलं, आणि मालिका दोन्ही दाखवते.

मालिका थांबवावी का, यावर प्रेक्षकांचे पुन्हा दोन तट. बीबीसीनं 2025 मध्ये युद्धकाळातल्या पॉप्लरवर पूर्वकथा करायचं जाहीर केलं, तेव्हा काहींनी कपाळाला हात लावला. मला ती बघायची आहे. तेव्हा एनएचएस नव्हती. बाळ अडलं तर डॉक्टरला बोलावण्याआधी डब्यात किती शिलिंग आहेत ते मोजावं लागे. बॉम्ब पडत असताना, तळघरात, मेणबत्तीच्या उजेडात ती मोजणी कशी होत असे, हे याच लोकांनी दाखवावं, आणि या वेळी भिंतींची ओल खरी ठेवावी.