न वाटलेला नफा जातो कुठे?

मंडळी, लाभांश न देणाऱ्या शेअरचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, हातात काही पडतच नाही, मग ही भागीदारी कसली? दुसरा म्हणतो, लाभांश सुरू झाला म्हणजे कंपनीची वाढ खुंटली. दोघेही मूळ प्रश्नाला बगल देतात. न वाटलेल्या नफ्याचे कंपनीने काय केले, हे तपासायला हवे, आणि त्यासाठी वार्षिक अहवाल पुरतो.

आधी ताळेबंदातला एक गैरसमज दूर करू. 'राखीव निधी' म्हणून मोठा आकडा दिसतो, पण तेवढी रोकड तिजोरीत पडून आहे असे समजू नका. तो पैसा यंत्रांत, मालाच्या साठ्यात, ग्राहकांकडच्या उधारीत केव्हाच गुंतलेला असू शकतो. रोकड किती, हे मालमत्तेच्या बाजूला पाहायचे.

आता मुख्य हिशेब. एका कंपनीची प्रतिशेअर कमाई पाच वर्षांत १०, ११, १२, १३ आणि १४ झाली. लाभांश शून्य, म्हणजे ६० राखले. सहाव्या वर्षी कमाई १५. पहिल्या वर्षापेक्षा दीडपट झाली म्हणून सगळे खूश असतात. पण ६० गुंतवून वार्षिक कमाईत भर पडली फक्त ५ची, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या कंपनीची कमाई १०वरून दरवर्षी २० टक्क्यांनी वाढली. पाच वर्षांत सुमारे ७४ राखले, सहाव्या वर्षी कमाई जवळपास २५. इथे राखलेल्या पैशावर २० टक्के सुटले. दुसरीने लाभांश दिला नाही याबद्दल तक्रार करायला जागा नाही. पहिलीला मात्र विचारायलाच हवे की हा पैसा आम्हाला का दिला नाही. हिशेब करताना पाच वर्षांहून कमी काळ घेऊ नका आणि मंदीतले वर्ष शेवटचे धरू नका, उत्तर फसवे येते. कंपनीने मोठे कर्ज काढले असेल तर वाढीव कमाईतला काही वाटा त्या कर्जाचा असतो, हेही ध्यानात ठेवा.

अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने त्यांच्या काळात एकदाच, १९६७ साली, शेअरमागे १० सेंट लाभांश दिला. राखलेल्या प्रत्येक डॉलरमागे बाजारमूल्यात किमान एक डॉलरची भर पडली पाहिजे, ही बफेंनी स्वतःला लावलेली कसोटी. कसोटी चांगली आहे, पण तेजीच्या लाटेत सुमार कंपन्याही तीत उत्तीर्ण होतात. म्हणून भावाआधी कमाईचा हिशेब करावा.

गुंतवायला जागाच उरली नाही की रोकड साचते, आणि भागधारकांच्या एकूण पैशावरचा (भांडवल अधिक राखीव निधी) परतावा वर्षागणिक घसरू लागतो. वेळीच वाटप सुरू करणे हाच त्यावर उपाय. ॲपलने १९९५नंतर थांबवलेला लाभांश २०१२ मध्ये पुन्हा सुरू केला. मायक्रोसॉफ्टने पहिला लाभांश २००३ मध्ये दिला, मेटा आणि अल्फाबेटने २०२४ मध्ये. यात कमीपणा काही नाही.

शेअरची पुनर्खरेदी, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेणे, हाही वाटपाचाच मार्ग, पण इथे डोळे उघडे ठेवा. कंपनी एका हाताने ५० लाख शेअर विकत घेते आणि दुसऱ्या हाताने तेवढेच कर्मचाऱ्यांना देते. शेअरसंख्या जिथल्या तिथे, पैसा मात्र गेला. ती पुनर्खरेदी नव्हे, तो पगाराचाच खर्च. पाच वर्षांची एकूण शेअरसंख्या, द्यायचे कबूल केलेले शेअर धरून, एका ओळीत मांडा. ती खरोखर घटत असेल तरच पुनर्खरेदी मोजा. चढ्या भावाने केली असेल तर उरलेल्या भागधारकांचेच नुकसान.

राहिला प्रश्न नियमित उत्पन्नाचा. तुमच्याकडे १०० भावाचे १,००० शेअर आहेत. कंपनीने ४ लाभांश दिला, तर बाकी सारे तसेच असताना भाव ९६ होतो. तुमच्याकडे ९६,००० चे शेअर आणि ४,००० रोख. लाभांश न देणाऱ्या कंपनीचे ४० शेअर विकले, तरी ९६,००० चे शेअर आणि ४,००० रोख. कर आणि दलाली सोडली तर फरक नाही, हे मिलर आणि मोदिलियानी या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच मांडले. कराने फरक पडतो. जिथे लाभांश पूर्ण उत्पन्न धरला जातो, तिथे ४,००० वर कर. विक्रीत सहसा फक्त नफ्यावर. खरेदी ६०ची असेल तर तो नफा १,६०० च.

शेअर विकून उत्पन्न काढण्याची ही पद्धत फसते ती पडत्या बाजारात. भाव ५०वर आला की त्याच ४,००० साठी ८० शेअर विकावे लागतात, आणि पुढे भाव सावरला तरी ते शेअर परत येत नाहीत. म्हणून दोन-तीन वर्षांचा खर्च ठेवींत वेगळा ठेवावा, ठरावीक रकमेऐवजी ठरावीक टक्के विकावे, आणि विक्री वर्षातून एकदाच करावी. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी लाभांश देणारे शेअर घ्यावेत.

सोन्याला वरचा कमाईचा हिशेब लावू नका. लाभांश तेही देत नाही, पण त्याच्या पोटात राखलेला नफाही नसतो. तिथे परतावा केवळ भावातून.

शेवटी, मोठा हिस्सा एकाच घराण्याच्या हातात असेल तर आणखी एक पान उघडा: संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार. लाभांश नाही, आणि मालकांच्याच इतर कंपन्यांना बिनव्याजी उसनवारी, त्यांच्याच जागेचे फुगवलेले भाडे असे दिसले, तर नफा राखलेला नसून त्याचे वाटप झालेले आहे, फक्त तुम्हाला वगळून. अशा ठिकाणी अल्प हिस्सेदाराच्या हाती फारसे काही नसते. तो शेअर कितीही स्वस्त दिसला तरी घेऊ नये.