फोल्डर शेअर करायचं काम नक्की कुणाचं?

स्क्रीनवर उबुंटूचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रकाराचा, साधा डेस्कटॉप आहे. 'फोटो' नावाचा फोल्डर, त्यावर राइट क्लिक, आणि मेन्यूत शेअरिंगचा ऑप्शन. त्याच वायफायवर घरातला दुसरा लॅपटॉप आहे, विंडोजवाला, त्यावर हे फोटो बघायचेत, एवढंच काम आहे. क्लिक केलं की एक खिडकी येते: 'नेट युजरशेअर'ने एरर 255 दिलाय, परमिशन नाही, तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरला विचारा. घरच्या मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटर दुसरा कुठून येणार, जो हे वाचतोय तोच.

खरं कारण अगदी छोटं असतं. बऱ्याचदा युजरचं नाव 'सांबाशेअर' ग्रुपमध्ये, म्हणजे शेअर करायची परवानगी असलेल्यांच्या यादीत, नसतं, किंवा आत्ताच घातलेलं असतं पण लॉगआउट करून परत आत यायचं राहिलेलं असतं. हे त्या खिडकीत मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

यामागे जे सॉफ्टवेअर आहे ते सांबा. अँड्र्यू ट्रिजेलनी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला विद्यापीठात असताना 1991-92 च्या सुमारास ते सुरू केलं, डॉसवाल्या पीसीला युनिक्सच्या (लिनक्सच्या आधीची तशीच सिस्टिम) मशीनवरच्या फाइली वापरता याव्यात म्हणून. त्याची सगळी सेटिंग एका टेक्स्ट फाइलमध्ये, एसएमबी डॉट कॉन्फ, आणि ती बदलायची तर रूट, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार असलेला युजर, लागतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला ते चालतं, त्याचं कामच ते. पण घरातल्या माणसाने स्वतःचा फोल्डर शेअर करायला रूट का व्हावं? सांबावाल्यांनाही हे पटलं आणि 2006 मध्ये 'युजरशेअर' आलं, म्हणजे साध्या युजरला स्वतःचा फोल्डर स्वतः शेअर करता येईल अशी सोय. दार तेव्हापासून उघडं आहे, डेस्कटॉपनी, म्हणजे खिडक्या आणि मेन्यू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनी, त्यातून नीट आत यायचं तेवढं राहिलंय.

बरं, एरर गेला आणि शेअर झाला असं धरू. आता विंडोज पासवर्ड मागतंय, आपण लिनक्सचा लॉगिन पासवर्ड टाकतो आणि तो चुकीचा म्हणून परत येतो. कारण सांबाची पासवर्डची यादी वेगळी असते. लिनक्स पासवर्डचा हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारं सांकेतिक रूप, एका पद्धतीने ठेवतं, विंडोजशी बोलायला दुसऱ्या पद्धतीचा हॅश लागतो, एकावरून दुसरा काढता येत नाही, म्हणून पासवर्ड परत एकदा वेगळा द्यावा लागतो. मग लोक म्हणतात पासवर्डच नको, गेस्ट ठेवू, कुणीही पासवर्डशिवाय येऊ दे. तिथे तिसरी अडचण! उबुंटूने 21.04 पासून युजरच्या होम फोल्डरच्या परमिशन 750 केल्यात, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून बाकीच्यांना दार बंद, दुसऱ्या युजरने तुमच्या घरात डोकावू नये म्हणून, जे अगदी बरोबर आहे, पण सांबाचा गेस्ट म्हणजे 'नोबडी' नावाचा युजर, त्याला होममध्येच पाय टाकता येत नाही तर आतला फोटोचा फोल्डर कसा उघडणार. आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर असाल तर नेटवर्कवरून येणारं अडवणारा फायरवॉल आणि कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा ते ठरवणारं एसईलिनक्स अजून बाकीच आहेत.

डेस्कटॉप बनवणाऱ्यांची एक बाजू आहे, ती मला समजते. फायरवॉल, सर्व्हिस, ग्रुप हे सगळं डिस्ट्रोच्या, म्हणजे उबुंटू-फेडोरा बनवणाऱ्यांच्या, हातात, प्रत्येकाची पद्धत वेगळी, त्यात हात घातला की उद्याचे बग यांच्याच माथी. शिवाय 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने एसएमबीच्या (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत, सांबाही तीच वापरतं) जुन्या व्हर्जनमधून, एसएमबी 1 मधून, केवढा हाहाकार केला ते सगळ्यांनी बघितलंय, आणि त्याच महिन्यात सांबातही एक गंभीर भोक सापडलं होतं. ग्नोम या डेस्कटॉपच्या (उबुंटूवर असतो तोच) सेटिंग्जमध्ये शेअरिंगचं पान होतं, पण ते सांबावर नाही, वेबडॅव नावाच्या वेगळ्या पद्धतीवर चालायचं आणि शेअर व्हायचा फक्त पब्लिक फोल्डर.

पण मला वाटतं ही जबाबदारी डेस्कटॉपनेच घ्यावी आणि पूर्ण घ्यावी, अर्धवट घेतली तर न घेतलेली बरी. कोणता फोल्डर, कुणाला, आणि आत्ता आपण घरच्या वायफायवर आहोत की हॉटेलच्या, हे एकत्र फक्त डेस्कटॉपलाच ठाऊक असतं, सांबाला यातलं काहीच आपणहून कळत नाही. ग्नोमच्या त्या पानाने ही एक गोष्ट छान केली होती, ज्या नेटवर्कवर शेअरिंग चालू केलं ते लक्षात ठेवायचं आणि दुसरीकडे गेलं की बंद. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचं डॉल्फिन, म्हणजे फोल्डर-फाइली बघायचा प्रोग्राम, तर अजून पुढे गेलंय, प्रॉपर्टीजमधल्या शेअर टॅबमध्ये सांबा नसेल तर इन्स्टॉल करायचं बटण देतं, सांबाचा पासवर्ड तिथेच ठेवून घेतं. फायरवॉलपर्यंत ते पोचत नाही, पण निदान काय अडलंय ते माणसाच्या भाषेत सांगतं.

आणि एवढं सगळं जमलं तरी विंडोजच्या नेटवर्क यादीत आपलं मशीन दिसेलच असं नाही. जुनी यादी एसएमबी 1 सोबत गेली, सांबाने 2019 मध्ये 4.11 पासून ते डिफॉल्टने बंद केलं, आता विंडोज ज्या नव्या पद्धतीने शोधतं त्यासाठी डब्ल्यूएसडीडीसारखा वेगळा प्रोग्राम लागतो. तो नसेल तर शेअर चालू असतो पण माणसाला वाटतं झालंच नाही, आणि तो परत पहिल्यापासून सगळं उलगडायला बसतो. म्हणून शेअर झाल्या झाल्या त्याच खिडकीत दुसऱ्या लॅपटॉपवर टाइप करायचा पूर्ण पत्ता दिसू दे, शेजारी कॉपीचं बटण, आणि त्याच्याखाली शेअर बंद करायचं.