नवीन प्रॉडक्ट आणि पेंड खाणारं घोडं

नमस्कार मंडळी. कंपनीने नवीन प्रॉडक्ट काढलं आणि ते आपटलं की दुसऱ्या दिवसापासून ढकलाढकली सुरू. मार्केटिंगवाले म्हणतात इंजिनियरांनी वेळेत दिलं नाही, इंजिनियर म्हणतात काय हवंय ते आम्हाला कोणी धड सांगितलंच नाही, सेल्सवाले म्हणतात किंमत चुकली, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं की आयडियाच बरोबर नव्हती, कारण आयडिया काही उलट बोलत नाही. मला विचाराल तर बऱ्याचदा आयडिया ठीक असते, माणसंही हुशार असतात, घोडं पेंड खातं ते दोन डिपार्टमेंटच्या मधल्या जागेत, आणि दोन कंपन्या एकत्र आल्या असतील तर बघायलाच नको.

ब्रिटनच्या ससेक्स युनिव्हर्सिटीत १९७० च्या दशकात प्रोजेक्ट सॅफो नावाचा अभ्यास झाला. त्यांनी जोड्या लावल्या, एकाच मार्केटसाठी आलेली दोन प्रॉडक्ट, एक चाललेलं, एक पडलेलं, आणि फरक कशात आहे ते शोधलं. सगळ्यात ठळक फरक निघाला तो हा की चाललेल्या प्रॉडक्टवाल्यांना वापरणाऱ्याची गरज जास्त नीट कळली होती. दुसरं असं की तिथे प्रॉडक्टची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो माणूस जास्त वरच्या पदावरचा, जास्त अधिकार असलेला होता. हे मला फार पटतं, कारण कितीतरी ठिकाणी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे नुसता मिनिट्स लिहिणारा आणि रिमाइंडर पाठवणारा, त्याला ना पैसे हलवता येत ना माणसं.

आता एअरबसचं बघा. ए३८० विमानात साधारण ५३० किलोमीटर वायर असते. वायरिंगचं काम जर्मनीत हॅम्बुर्गकडे, विमानाची शेवटची जुळणी फ्रान्समध्ये तुलूझला. डिझाइनसाठी दोन्हीकडे कॅटिया हेच सॉफ्टवेअर, फक्त हॅम्बुर्गकडे चौथं व्हर्जन आणि तुलूझकडे पाचवं, आणि दोघांचं एकमेकांशी नीट जुळत नव्हतं. झालं काय, की हॅम्बुर्गचे वायरचे जुडगे तुलूझला विमानात बसवायला घेतले तर बसेनात, वायर तोकड्या पडायला लागल्या. मग माणसं लावून हाताने काढा, परत ओढा, परत बसवा. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा दीड-दोन वर्षं उशिरा. गंमत म्हणजे एअरबस २००१ पासून कागदावर एकच कंपनी होती, पण त्याआधी ती वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांची आघाडी, आणि सवयी काही सही केल्याने बदलत नाहीत. सगळ्यांनी एकच व्हर्जन वापरायचं असं दोन्ही देशांना ठणकावून सांगणारा माणूस वेळेवर उभा राहिला नाही, एवढं साधं आहे हे.

अंतराचाही मुद्दा आहेच. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी इंजिनियर आपसात किती बोलतात ते मोजलं होतं, तर टेबलांमधलं अंतर ५० मीटरच्या पुढे गेलं की कामाचं बोलणं जवळपास संपतं. पन्नास मीटर! हॅम्बुर्ग आणि तुलूझ तर सोडूनच द्या.

पण दोन कंपन्यांचं जमतं तेव्हा कसं जमतं? फिलिप्स आणि सोनी यांची सीडी घ्या. लेझरने डिस्क वाचायचं ज्ञान फिलिप्सकडे, डिजिटल आवाज आणि त्यातल्या चुका दुरुस्त करायची पद्धत सोनीकडे, म्हणजे दोघांनाही समोरच्याची खरी गरज. १९७९ मध्ये दोन्हीकडचे इंजिनियर एकत्र बसले आणि भांडले, व्यवस्थित भांडले. वाद होता आवाजाचा प्रत्येक नमुना किती बिटमध्ये, म्हणजे किती बारकाईने, साठवायचा यावर. फिलिप्सला १४ बिट हवे होते, त्यांच्या चिपचं काम त्या हिशोबाने चाललेलं, सोनी १६ वर अडून बसली. ठरलं १६. मग फिलिप्सच्या लोकांनी ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे दोन नमुन्यांच्या मधले जास्तीचे नमुने गणिताने काढून, आपल्या त्याच १४ बिटच्या चिपमधून १६ च्या तोडीचा आवाज काढून दाखवला! वाद लवकर झाला, ज्यांना विषय कळतो त्यांच्यात झाला, आणि ठरलं ते ठरलं, म्हणून ऑक्टोबर १९८२ मध्ये सीडी प्लेयर जपानच्या दुकानात आला.

बऱ्याच कंपन्या उलटं करतात, वकील आधी, इंजिनियर नंतर. करार नको असं मी म्हणत नाही, पण ओळख त्याच्याही आधी हवी. फायझर आणि बायोन्टेक या औषध कंपन्या २०१८ पासून फ्लूच्या एमआरएनए लशीवर (शरीरालाच विषाणूचा एक तुकडा बनवायची सूचना देणारी लस) एकत्र काम करत होत्या, त्यामुळे मार्च २०२० मध्ये कोविडची लस करायची ठरल्यावर त्यांनी लेटर ऑफ इंटेंटवर, म्हणजे करार करायचा इरादा आहे एवढंच सांगणाऱ्या पत्रावर, सह्या केल्या आणि सविस्तर कराराची वाट न बघता माहिती द्यायला-घ्यायला सुरुवात केली, आणि २ डिसेंबर २०२० ला ब्रिटनने त्या लशीला परवानगी दिली.