दोन यानं आणि मधला तारा

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. 1961 सालचा शरद ऋतू. एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या एका खोलीत नवं यंत्र येऊन बसलंय, पीडीपी-1 नावाचा कॉम्प्युटर. किंमत सुमारे 1,20,000 डॉलर, पण डिजिटल इक्विपमेंट कंपनीनं ते भेट दिलंय. मेमरी जेमतेम 9 किलोबाइट. आपल्या व्हॉट्सॲपवरचा सुप्रभातचा फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही. मात्र या यंत्राला एक गोल पडदा आहे, आणि रात्री-अपरात्री ते मोकळं मिळतं.

त्याच्याभोवती जमली ती खेळण्यातल्या आगगाड्यांचे रूळ आणि सिग्नल जोडणाऱ्या विद्यार्थी क्लबची मंडळी. स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटॅनन यांनी ठरवलं की पडद्यावर दोन अंतराळयानं लढवायचा खेळ करायचा. तोच पुढे झाला ‘स्पेसवॉर!’. समोरचं यान चालवायला अक्कल लागते, ती या यंत्रात कुठून घालणार? म्हणून खेळाडू दोन.

कोड लिहायचा होता रसेलनं. तो एमआयटीतच नोकरीला, आणि चालढकल करण्यात पटाईत! साइन-कोसाइनचं गणित करणारा प्रोग्रॅम हाताशी नाही, ही त्याची सबब. शेवटी ॲलन कोटॉक हा विद्यार्थी थेट कंपनीत गेला, त्या प्रोग्रॅमची कागदी टेप घेऊन आला आणि रसेलपुढे ठेवली. सबब संपली. 1962 च्या सुरुवातीला यानं उडू लागली. एक सुईसारखं, दुसरं पाचरीसारखं.

आता खरी गंमत. रसेलनं मागे चांदण्या म्हणून वाट्टेल तिथे ठिपके टाकले होते. पीटर सॅमसनला ते खपेना. त्यानं विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचं साडेबावीस अंशांपर्यंतचं खरं आकाश प्रोग्रॅममध्ये उतरवलं. जास्त तेजस्वी तारा पडद्यावर जास्त वेळा उमटवायचा, एवढीच युक्ती.

डॅन एडवर्ड्सला पोकळीतली लढाई मिळमिळीत वाटली. त्याला मध्यभागी ओढणारा तारा हवा होता. पण तेवढं गणित करायला यंत्राला सवड नव्हती. मग त्यानं यानं रेखाटायचा कोडच वेगवान केला, आणि वाचलेल्या वेळात गुरुत्वाकर्षण बसवलं. ते फक्त यानांपुरतं पुरलं. यानांनी एकमेकांवर डागलेले टॉर्पेडो ताऱ्याजवळूनही सरळच जायचे. विचारलंच कोणी तर उत्तर तयार होतं: ते फोटॉनचे, म्हणजे प्रकाशकणांचे आहेत! प्रोग्रॅमरच्या अशा थापा तेव्हापासून चालत आल्यात.

खेळायची सोय मात्र वाईट. यंत्रावरचे छोटे स्विच खालीवर करून कोपरं दुखायची. शिवाय पडदा एका बाजूला, त्यामुळे एकाला सरळ दिसायचं, दुसऱ्यानं मान वाकडी करायची. कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी क्लबच्या सामानातून प्रत्येकाला वेगळी कंट्रोलची पेटी करून दिली. टॉर्पेडोचं बटण मुद्दाम आवाज न करणारं, म्हणजे शेजारी बसलेल्या शत्रूला सुगावा लागायला नको. एका यंत्रावर खेळणाऱ्या दोघांसाठी याहून नेमकं डिझाइन मला तरी सुचत नाही.

ग्रेट्झनं पळवाट जोडली, ‘हायपरस्पेस’. अंगाशी आलं की गायब व्हायचं, पण पुन्हा कुठे उगवाल याचा नेम नाही. आणि जितक्या वेळा पळाल, तितकी यान फुटायची भीती जास्त.

मे 1962 मध्ये एमआयटीनं लोकांसाठी दारं उघडली, तेव्हा ‘स्पेसवॉर!’ गावासमोर आला. दोघांचा हा पहिलाच खेळ म्हणता येणार नाही. 1958 मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या उपकरणाच्या पडद्यावर, टेनिस मांडलं होतं. पण ते तिथेच राहिलं. ‘स्पेसवॉर!’ची टेप हातोहात फिरली. डिजिटल कंपनी तर नवं यंत्र तपासायला हाच खेळ चालवू लागली.

पैसे? विकणार कोणाला, घरी लाखाचा कॉम्प्युटर होता कोणाकडे? ज्याला हवा त्यानं घ्यावा, असंच चाललं. 1971 मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी त्याच कल्पनेवर नाणं टाकून चालणारा ‘कॉम्प्युटर स्पेस’ काढला. त्यात मात्र खेळाडू एकच होता. दुसरं यान नव्हतं, होत्या यंत्रानं चालवलेल्या उडत्या तबकड्या.